टॉवर लाईट घेतली, चार महिने वापरली: उद्यमबाग, मच्छेतल्या छोट्या शॉपवाल्यांनी वाचाच

आमचं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत छोटं मशीन शॉप आहे, दोन व्हीएमसी, दोन सीएनसी (ही चारही संगणकावर चालणारी कटिंग मशीनं), एक जुनं लेथ आणि मला धरून 11 माणसं. जॉबवर्कवर हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी करतो. चार महिन्यांमागं चारही मशीनला लाल-पिवळा-हिरवा टॉवर लाईट बसवला, 24 व्होल्ट डीसी, एलईडी, बझरवाला, आणि खाली ऑपरेटरच्या हाताशी साधे पुश बटण. हिरवा म्हणजे मशीन चालू, पिवळा म्हणजे अडचण आहे, मदत पाहिजे, लाल म्हणजे मशीन थांबवलंय. बेळगावातल्याच इलेक्ट्रिकलच्या दुकानातनं घेतला, नग बाराशेला पडला, वायरिंग आमच्या पोरांनीच केलं.

आधी वस्तूबद्दल सांगतो. लाल आणि हिरवा एक नंबर, शॉपच्या दुसऱ्या टोकावरनं दिसतो. पिवळा मात्र दुपारी शटर उघडं असलं की उन्हात कळतच नाही, पेटलाय का नाही बघायला जवळ जावं लागतं. बझर कर्कश आहे, पण व्हीएमसी चालू असताना तेवढाच लागतो. खालचा प्लास्टिकचा बेस व्हायब्रेशननं एका मशीनवर दीड महिन्यात तडकला, मग आम्ही सगळीकडं लोखंडी पाईप टाकून घट्ट केलं. तुम्ही घेताना पाईपवालाच मागा.

आता खरं सांगायचं ते हे, की लाईट बसवली म्हणून काही होत नाही. आमच्याकडं पहिले नऊ दिवस एकानंही बटण दाबलं नाही! मला वाटलं सगळं सुरळीत चाललंय. दहाव्या दिवशी 20 एमएम बोअरच्या (भोकाच्या) बॉडी चालू होत्या, एच7 टॉलरन्स, म्हणजे भोक 20 एमएमपेक्षा जास्तीत जास्त 21 मायक्रॉननं मोठं चालतं. हेल्परनं प्लग गेज (भोक तपासायचा मापाचा दांडा) घातला तर नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती सरळ आत गेली. हा पोरगा खानापूरकडचा, कामाला लागून सहा महिने झालेले, त्यानं गेज पुसून परत घातला, परत गेली, आणि त्यानं लाल दाबलं. मी केबिनमधनं धावत आलो आणि तोंडातनं पहिला शब्द काय गेला तर "कुणी बंद केलं रे मशीन?" पोरगं पांढरं पडलं. हळूच म्हणालं, "मालक, बोर मोठा येऊलाय, बघा की जरा." बघितलं तर टूल धरणारा होल्डर आणि स्पिंडलच्या टेपरमध्ये धातूची बारीक चिप अडकलेली, त्यामुळं रीमर (भोक मापात करणारं टूल) गरगरत फिरून बोअर मोठं करत होता. पुसायला दोन मिनिटं लागली. तीन बॉडी गेल्या, पण ट्रॉलीवर अजून 140 कास्टिंग वाट बघत होती.

त्या रात्री झोप लागली नाही, कारण मागच्या वर्षी असाच एक पूर्ण लॉट रिजेक्ट होऊन परत आलेला, आणि तेव्हा दोघांना आधीच कळलं होतं, पण "मालक वरडतील" म्हणून गप बसलेले. हे मला नंतर चहाच्या टपरीवर कळलं. माझ्याच शॉपमध्ये माल खराब होताना दिसतोय आणि माणूस बोलत नाही, ह्याला दुसरं कोण जबाबदार?

दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला सगळ्यांसमोर त्या पोराला मी सॉरी म्हटलं आणि मग सगळ्यांनी मिळून नियम ठरवले. लाल पेटलं की मी "कुणी" विचारायचं नाही, "काय झालं" विचारायचं. पिवळं पेटलं की आधी शेजारचा ऑपरेटर जाणार, मी नाही. आणि लाल दाबायला कुणाची परवानगी नको, हेल्पर असला तरी. ह्यातला दुसरा नियम पोरांनीच काढला आणि तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतोय, कारण बहुतेक अडचणी दोघं मिळून तिथंच मिटवतात, माझ्यापर्यंत येतच नाहीत.

ही कल्पना टोयोटावाल्यांची, ते ह्याला आंदोन म्हणतात, जपानीत त्याचा अर्थ कंदील. तिथं लाईनवरचा साधा कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, वेळेत सुटलं तर ठीक नाहीतर लाईन थांबते. मूळ त्याच्याही मागचं, साकिची टोयोडांच्या मागाचं, धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. पण माणसावर विश्वास टाकायला जपानलाच बघायला पाहिजे असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये आपल्या बेळगावातच सायकलचं दुकान काढलं, 1910 मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना नेला आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर पहाऱ्याची जबाबदारी टाकली. आणि बेळगावजवळच्या मच्छेत पॉलिहायड्रॉन कंपनीच्या सुरेश हुंद्रेंनी विश्वासावर, पारदर्शकपणे कारखाना चालवता येतो हे करून दाखवलंच की.

अजून एक गोष्ट जी दुकानदार सांगणार नाही. आमच्यात मराठी बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत, दोघं बिहारचे आहेत. आधी सूचना कुठल्या भाषेत लिहायच्या हाच प्रश्न असायचा, आणि ज्याला भाषा कमी येते तो मीटिंगमध्ये तोंडच उघडायचा नाही. लाल दिव्याला भाषा लागत नाही. बिहारचा एक ऑपरेटर वर्षभर माझ्याशी "हां सेठ" पलीकडं बोलला नव्हता, त्यानं गेल्या महिन्यात पिवळं दाबून कूलंटचा नोझल चोंदल्याचं दाखवलं आणि जाळी कुठं बसवायची तेपण हातानंच दाखवलं. ती जाळी आता चारही मशीनला आहे.

त्रास पण सांगतो, सुरुवातीला पंधरा दिवस मशीन जास्त थांबल्यासारखं वाटतं, डिस्पॅचच्या दिवशी जीव वरखाली होतो. त्या दिवसांत तुम्ही एकदा जरी वरडलात तर परत कुणी दाबणार नाही. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी नुसती शोभेला लाईट घेऊ नये, पैसे वाया.

पाचपैकी चार स्टार, एक पिवळ्यासाठी कापला. त्याच्यावर ते खानापूरचं पोरगं काळ्या पीव्हीसी पाईपची टोपी कापून बसवतोय, आज दोन मशीनला झाली, दुपारच्या उन्हात दिसतंय.