पॉइंट टू-टू, लायसनची गरज नाही

आमची वाडी गुहागर तालुक्यात. बासष्ट माड, त्यांच्या सावलीत पोफळी आणि मधेमधे जायफळ. दोन वर्षं झाली, सकाळी वाडीत उतरलं की माडाखाली कोवळे नारळ पडलेले दिसायचे. देठाजवळ सुपारीएवढं भोक आणि आत काही नाही. उंदीर शेंड्यातच घर करतात आणि झावळ्यांवरून या माडावरून त्या माडावर जातात, सहसा खाली उतरत नाहीत. एका हंगामात माझ्या दहा-बारा माडांचं उत्पन्न असंच गेलं.

मग बंदुकीचा विचार डोक्यात आला. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायला त्यांच्याबरोबर मी जायचो. ते गेल्यावर आम्ही ती कायमची जमा केली. तेवढ्यावर मला वाटायचं, बंदुकीतलं मला कळतं. माझी फसगत तिथूनच सुरू झाली.

चिपळूणच्या दुकानात छर्‍याची रायफल पाहिली होती. नळीचं भोक ०.१७७ इंचाचं, नळी सांध्यात वाकवून भरायची, किंमत साडेबारा हजार. दुकानदाराने आधार कार्डाची प्रत मागितली आणि पक्कं बिल देतो म्हणाला. मला किंमत जास्त वाटली. त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: ‘पॉइंट टू-टू, हाय पॉवर, दुर्बिणीसह फक्त ८,९००. लायसनची गरज नाही.’ लाल चादरीवर ठेवलेल्या रायफलीचा फोटो होता. दस्त्याच्या उजव्या बाजूला केसाएवढी चीर होती, तीही मला खरेपणाची खूण वाटली. सोबतच्या व्हिडिओत एक माणूस ससा टिपत होता. ससा मारणं हा गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि नंबर फिरवला.

इथे नियम सांगतो, कारण मला तो तेव्हा माहीत असता तर फोन केलाच नसता. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे छर्‍याच्या बंदुकीला परवाना लागत नाही तो नळीचं भोक ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० जूलपर्यंत असेल तरच. दोन्हींपैकी एकही मर्यादा ओलांडली की परवाना हवा. पॉइंट टू-टूची छर्‍याची बंदूक ०.२२ इंचाची, ५.५ मिलिमीटरची, म्हणजे ती आपोआप परवान्यात येते. शिवाय पॉइंट टू-टू याच नावाची काडतुसाची रायफलही असते. ती वेगळी चीज, बंदुकीच्या दारूवर चालणारी, तिला १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतोच. नाव एकच असल्यामुळे माझ्यासारख्याचा गोंधळ होतो, आणि विकणार्‍याला तो गोंधळच हवा असतो. आणखी एक. परवाना लागत नाही अशा बंदुकीने काहीही मारायला मोकळीक आहे असं कुणी समजू नये. वानर, रानडुक्कर, साळिंदर, मोर, आपलं शेकरू, यांच्यावर छर्रा झाडणंसुद्धा १९७२च्या वन्यजीव कायद्यात अडकवतं. शेकरू माडाचं कितीही नुकसान करो, ते राज्यप्राणी आहे. माझं भांडण फक्त उंदरांशी होतं.

फोनवरचा मुलगा गोड बोलायचा. ‘काका, तुम्ही शेतकरी, तुमच्यासाठी खास.’ बुकिंगचे दोन हजार पाठवले. दुसर्‍या दिवशी पार्सल बांधल्याचा फोटो आला, उरलेले ६,९०० गेले. मग म्हणाला, वाहतुकीचा परवाना काढायला ३,४०० लागतील, ते माल पोचल्यावर परत मिळतील. तेही दिले. आठ दिवस काही नाही. मी चिडल्यावर म्हणाला, ‘ऑर्डर रद्द करतो, पैसे परत घ्या,’ आणि क्यूआर कोड पाठवला. मी तो स्कॅन केला, पिन टाकला आणि खात्यातून आणखी ६,८०० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे बँकेच्या भिंतीवर लिहिलेलं मी दहा वेळा वाचलं असेल. एकूण १९,१०० रुपये गेले.

खरा घाव त्यानंतरचा. तिसर्‍या दिवशी खाकी वर्दीतल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला. ‘आपके नाम से हथियार का पार्सल पकड़ा गया है. पॉइंट टू-टू. लाइसेंस दिखाइए.’ प्रकरण मिटवायचे पंचवीस हजार. माझे हातपाय गार पडले. कारण मी तीच बंदूक मागवली होती आणि लायसन नव्हतं. मी रात्रभर झोपलो नाही, घरात कुणाला बोललो नाही. आधी लायसनची गरज नाही म्हणून ओढलं, मग लायसन नाही म्हणून दाबलं. दोन्ही फोन एकाच टोळीचे असणार, हे तेव्हा सुचलं नाही. माणूस आपल्याच चुकीला घाबरून गप्प बसतो, त्यावर यांचा धंदा चालतो.

सकाळी बायकोने तोंड पाहूनच विचारलं. तिला सांगितलं तेव्हा ती एकच म्हणाली, ‘पोलीस असते तर गुहागरहून जीप आली असती, फोन कशाला केला असता?’ पुतण्याला घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी मला दरडावलं नाही, पाणी दिलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत नंबरवर लगेच, त्याच तासात फोन करायला हवा होता, असं ते म्हणाले. शेवटचे पैसे जाऊन चार दिवस झाले होते, रक्कम खात्याखात्यांतून पुढे निघून गेली होती. ३,४०० रुपये एका खात्यात गोठवले आहेत, ते अजून हातात आलेले नाहीत. दोन्ही मोबाइल नंबर सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर, संशयित फोनची तक्रार घेणार्‍या ‘चक्षू’ विभागातही नोंदवले.

बंदूक मी घेतली नाही. माडांच्या खोडाला पुरुषभर उंचीच्या वर पत्र्याचा रुंद पट्टा मारला, एकमेकांना टेकणार्‍या झावळ्या काढल्या, शेंडे साफ करून घेतले. यंदा खाली पडणारे नारळ बरेच कमी झालेत.

परवा पुतण्याने मोबाइल पुढे धरला. नवा नंबर, नवं नाव, किंमत ७,५००. चादर तीच लाल, आणि दस्त्याच्या उजव्या बाजूला तीच चीर.