वारंवार ‘तब्येत बरी नाही’: दाखला मागायचा की बसवून विचारायचं?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या चार-पाच छोट्या कारखान्यांचं हजेरी-पगाराचं काम मी बघतो. मालकांचा ठरलेला प्रश्न: अमुक पोरगा महिन्यातून तीनदा “भाऊ, आज तब्येत बरी नाही जी” म्हणून फोन करतो, त्याचं काय करू? रस्ते दोन. पहिल्याच दिवशी डॉक्टरचा दाखला मागून पगार कापायचा, नाहीतर परत आला की समोर बसवून विचारायचं.

दाखल्याचा नियम सगळ्यांना सारखा, कोणाशी बोलावंही लागत नाही. पण एका दिवसाच्या हगवणीसाठी गडी डॉक्टरकडे गेला की चिठ्ठीवर बहुधा ‘तीन दिवस विश्रांती’ येते. एकाचे तीन झाले, तेही आपल्याच नियमानं! ज्याला डॉक्टरची फी परवडत नाही तो ताप घेऊन मशीनवर उभा राहतो. मी दाखला तिसऱ्या दिवसापासून मागायला लावतो. ‘एक दांडी, दोन हजेऱ्या कट’ हा प्रकार तर बंदच करा. न आलेल्या दिवसाचाच पगार कापता येतो.

ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तोही विसरू नका. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी तुम्ही 3.25 टक्के भरताच. सहा महिन्यांच्या कालावधीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात कामगाराला वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी तिकडून मिळते. तो लाभ चालू असताना त्याला कामावरून काढता येत नाही.

बोलण्याच्या रस्त्याला वेळ लागतो. एका पॅकिंग युनिटमध्ये रात्रपाळीचा एक पोरगा ‘कामचोर’ म्हणून बदनाम होता. मालकानं त्याला बोलावलं, मी वर्षभराचं मस्टर टेबलावर उघडलं. गैरहजेरीच्या लाल फुल्या दोनच ठिकाणी दाट होत्या: डिसेंबर-जानेवारी आणि नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे दिवस. बराच वेळ तो पायाकडे बघत बसला. मग म्हणाला, “सिकलसेल आहे जी. सांगितलं तर काढून टाकसान.” विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. थंडी लागली किंवा अंगातलं पाणी कमी झालं की सांधे-हाडं ठणकायला लागतात. त्याला दिवसपाळी दिली, उन्हाळ्यात हाताशी पाण्याची कॅन ठेवली. दांड्या संपल्या नाहीत, पण निम्म्यावर आल्या. मस्टरात आजाराचं नाव मात्र लिहू दिलं नाही. ते रजिस्टर दहा जण चाळतात.

बोलूनही दर सोमवारी फोन येतच राहिला तर लेखी समज द्या. तिथं माया नको.

वीस-पंचवीस माणसं असतील आणि मालक सगळ्यांना नावानं ओळखत असेल, तर आधी बोला. शंभरावर माणसं, त्यातली अर्धी ठेकेदाराची, तर दाखल्याशिवाय गाडा चालत नाही. आणि बोलण्याचं काम चारचौघांत “काऊन बे, आज बरा झाला का?” असं ओरडणाऱ्या सुपरवायझरकडे जाणार असेल, तर दाखल्याचाच नियम बरा.