कोलंबस, इंडियानाच्या सरकारी शाळा: वर्षभरानंतरचा अनुभव (पुण्याहून बदलीवर येणाऱ्यांसाठी)

पहिलं शालेय वर्ष संपलं, दुसरं अर्ध्यावर आलंय, आता लिहायला हरकत नाही. मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत, दोघंही बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड स्कूल कॉर्पोरेशनच्या (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या) शाळेत. इकडे सगळे बीसीएससी म्हणतात. ११ प्राथमिक शाळा, २ मिडल स्कूल, ३ हायस्कूल, काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखं) बहुतेक भाग या एकाच डिस्ट्रिक्टमध्ये येतो, फक्त होप गावाकडची मुलं फ्लॅट रॉक-हॉक्रीक या वेगळ्या छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये जातात.

आधी तो रेटिंगचा विषय संपवते कारण इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस तेच विचारतो. बदली पक्की झाली की आपण सगळे रात्री जागून वेबसाइटवर शाळांना दिलेले १० पैकी आकडे बघतो, आम्हीही बघितले, आणि कोलंबसच्या बऱ्याच शाळांचे आकडे बघून घरात शोकसभा झाली. घर दाखवणाऱ्या एजंटला विचारलं तर तो हसून म्हणाला की शाळा चांगली की वाईट यावर आम्ही बोलत नाही, तुमचं तुम्ही बघा. (फेअर हाउसिंगच्या, म्हणजे घर देताना भेदभाव नको या कायद्यामुळे इथले एजंट यात सहसा पडत नाहीत, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही.) मग ओळखीतलं कोणीतरी सांगतंच की कार्मेलला राहा, तिथल्या शाळा टॉप. कार्मेल इंडियानापोलिसच्याही पलीकडे, म्हणजे एका आकड्यासाठी रोज जायला तासाच्या वर आणि यायला तासाच्या वर, तेही जानेवारीच्या बर्फात. करणारे करतात. आम्ही नाही केलं, आणि वर्षभरानंतर तरी पश्चात्ताप नाही.

तो आकडा बराचसा परीक्षेच्या मार्कांवरून येतो आणि मार्क बरेचसे घरात कोण राहतं त्यावरून येतात. इंडियानात तिसरी ते आठवीला आयलर्न नावाची कॉम्प्युटरवरची परीक्षा असते, २०१९ पासून. तिच्यात इंग्रजी आणि गणित दोन्हीत प्रोफिशियंट ठरणारी मुलं पूर्ण राज्यात एक तृतीयांशाहून कमी आहेत, म्हणजे बार मुळातच उंच आहे, प्रोफिशियंट नाही म्हणजे नापास असा आपला अर्थ लावू नका. आता कोलंबसमध्ये मुलं कोणाची आहेत बघा. गाव जेमतेम ५० हजारांचं, पण इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं हेडक्वार्टर इथे, त्यामुळे कोथरूड-कर्वेनगर-फलटणकडची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या येऊन जाऊन आहेत (पुण्यात कंपनी १९६२ पासून आहे). टोयोटाची फोर्कलिफ्ट फॅक्टरी, एन्केई, एनटीएन वगैरे जपानी कंपन्यांमुळे जपानी कुटुंबं. फॅक्टऱ्यांमध्ये आणि इतर कामांवर असलेली मेक्सिको, ग्वाटेमालाकडची कुटुंबं, ज्यांची मुलं घरी स्पॅनिश बोलतात, ती भरपूर. आणि आजूबाजूच्या मक्याच्या शेतांमधून बसने येणारी इथलीच गोरी मुलं, ज्यांचे आजोबाही याच शाळांत शिकलेत. इंजिनियरचा मुलगा आणि महिन्यापूर्वी आलेला, इंग्रजीचा एक शब्द न येणारा मुलगा एकाच बाकावर (बाक नाही, गोल टेबल). दोघांची सरासरी काढून शाळेला ५ द्यायचे, हे मला पटत नाही. ज्या उपनगरात सगळेच इंजिनियर आणि डॉक्टर राहतात तिथल्या शाळेला ९ मिळतात यात शाळेने काय केलं हे कळायला मार्ग नाही. माझ्या मुलीच्या टेबलावर जी सरमिसळ आहे तशी कोथरूडच्या तिच्या इंग्लिश मीडियम शाळेत नव्हती, तिथे सगळ्या घरांत एकाच ब्रँडचा वॉटर प्युरिफायर होता.

ॲडमिशनबद्दल. फी नाही. पूर्वी इंडियानात पब्लिक स्कूललाही पुस्तकांचं भाडं आईबापांना भरावं लागायचं, २०२३-२४ पासून तेही बंद झालंय. घराचा पत्ता, जन्मदाखला आणि लसीकरण लागतं, आणि यातलं लसीकरण सगळ्यात महत्त्वाचं. कांजिण्यांचे २ डोस, हेपटायटिस ए चे २ डोस, एमएमआर २, हे सगळं तारखांसकट लागतं, आणि आपल्याकडे हेप-ए बऱ्याच मुलांचा राहिलेला असतो किंवा एकच झालेला असतो. पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांकडून तारखा, सही, शिक्का घेऊनच निघा. किंडरगार्टनला १ ऑगस्टपर्यंत ५ वर्षं पूर्ण लागतात आणि शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरते, सप्टेंबर समजून आरामात येऊ नका.

मग एक फॉर्म येतो, घरात कोणती भाषा बोलता. इथे आपले लोक गडबड करतात. मराठी लिहिलं तर मुलाला मागे टाकतील या भीतीने इंग्लिश लिहितात. आम्ही मराठी लिहिलं. दोघांची इंग्रजीची चाचणी झाली, मुलगी सहज सुटली, मुलाला ईएनएलची (इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठीची) मदत सुरू झाली, म्हणजे दिवसातला थोडा वेळ वेगळ्या टीचर छोट्या ग्रुपला घेऊन बसतात, बाकी वेळ तो आपल्या वर्गातच. हिवाळ्यात त्याची विडा नावाची परीक्षा झाली, ऐकणं-बोलणं-वाचणं-लिहिणं चारही. त्या मदतीने जो फरक पडला तो आम्ही पैसे देऊनही आणू शकलो नसतो, पोरगा मोठ्या सुट्टीत एकटा उभा राहायचा तो आता घरी भाऊ-बहिणीच्या भांडणात इंग्रजीत वाद घालतो. नको असेल तर मदत नाकारता येते पण वार्षिक चाचणी चुकत नाही, तेव्हा नाकारून मिळतं काय.

शिकवण्याबद्दल मत सरळ एका बाजूचं नाही. हे डिस्ट्रिक्ट युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंगसाठी शिक्षणक्षेत्रात बऱ्यापैकी ओळखलं जातं, म्हणजे एकच गोष्ट शिकायचे आणि शिकलो हे दाखवायचे अनेक रस्ते मुलांना द्यायचे. चौथीला इंडियानाचा इतिहास असतो, त्यावर कोणी लिहून दिलं, कोणी बोलून रेकॉर्ड केलं, कोणी मॉडेल केलं. माझ्यासारख्या प्रश्नोत्तरं घोकून आलेल्या बाईला आधी हा टाइमपास वाटला, मुलीला मात्र विचारलेलं सगळं आठवतं. गणित मात्र हळू आहे हो. हे एका शाळेचं नाही, राज्याचा अभ्यासक्रमच तसा आहे, तिसरीला १० पर्यंतचे पाढे आले की सगळे खुश. आजी व्हिडिओ कॉलवर १३ चा पाढा विचारते तेव्हा घरात शांतता पसरते. त्यामुळे संध्याकाळी घरी पुण्याचं पुस्तक चालू ठेवलंय, तुम्हीही सोबत आणा. होमवर्क जवळपास नाहीच त्यामुळे वेळ असतो.

तिसरीत येणारं मूल असेल तर आयरीड-३ माहीत असू द्या. वाचनाची परीक्षा, आणि आता कायद्याने ती पास नसेल तर मूल तिसरीतच ठेवतात, काही सवलती आहेत, नवीन इंग्रजी शिकणाऱ्यांना वगैरे. गेल्या वर्षी मुलगी तिसरीत असताना तिच्या वर्गात मार्चमध्ये त्याचं टेन्शन मुलांपेक्षा आईबापांना जास्त होतं, बोर्डाच्या परीक्षेची आठवण झाली.

इमारतींबद्दल लिहिलंच पाहिजे. १९५० च्या दशकात कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी ठरवलं की शाळेने चांगला आर्किटेक्ट निवडला तर त्याची फी कमिन्स फाउंडेशन भरेल, यादी फाउंडेशन देणार, निवड स्कूल बोर्डाची. १९५७ ची श्मिट शाळा हॅरी वीजची, लिंकन गुनार बर्कर्ट्सची, क्लिफ्टी क्रीक तर रिचर्ड मायरची. म्हणजे लोक विमानाने येऊन टूर घेऊन ज्या इमारती बघतात तिथे पोरं नाक पुसत बसलेली असतात. याचा मार्कांवर काय परिणाम होतो देव जाणे, पण वर्गात उजेड असतो आणि कोंदट वाटत नाही, इथल्या पाच महिन्यांच्या हिवाळ्यात त्याला किंमत आहे.

पैशाचं गणित थोडक्यात: शिक्षकांचे पगार मुख्यतः राज्याकडून मुलांच्या डोक्यामागे येतात, इमारती आणि बसचा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून. त्यावर कॅप आहे, राहत्या घराला किमतीच्या १ टक्का, म्हणून जास्त हवे असतील तर लोकांना मत विचारावं लागतं. २०२० ला पगारवाढीसाठी असं मतदान झालं आणि गावाने होय म्हटलं. मूल खासगी शाळेत व्हाउचरवर गेलं की त्याचा पैसाही राज्य तिकडे देतं, २०२३ पासून जवळजवळ कोणत्याही उत्पन्नाच्या घराला ते मिळू शकतं, त्यामुळे पुढे या डिस्ट्रिक्टचं कसं होईल यावर पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) तावातावाने चर्चा होते.

किरकोळ गोष्टी. सकाळी ६ ला मेसेज, दोन तास उशिरा शाळा, कारण धुकं. बर्फ समजू शकते पण शेतांवरच्या धुक्यासाठी शाळा उशिरा भरते हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. दोघंही नोकरी करत असाल तर याची सोय आधी करा. जेवणात व्हेज म्हणजे चीज पिझ्झा आणि तत्सम, तेव्हा थर्मासचा डबा, पोळीभाजी गुंडाळून दिली की मुलं रॅप म्हणून खातात. ऑक्टोबर आणि मार्चच्या सुट्ट्या लांब असतात, पण भारतात जायचं तर जून-जुलैच, आणि तिकिटं तेव्हाच सगळ्यात महाग.

हायस्कूलचा अनुभव माझा नाही. शेजारच्या काकूंची मुलं कोलंबस नॉर्थ हायस्कूलला आहेत, मोठी सी-४ म्हणून जो करिअरचा विभाग आहे तिथले कोर्स करते, धाकटा बास्केटबॉलच्या मॅचेसना जातो आणि परत आल्यावर घसा बसलेला असतो. ईस्ट हायस्कूलवाल्यांसमोर नॉर्थचं कौतुक करू नका एवढं मला कळलंय.

घर भाड्याने घेताना पत्ता कोणत्या शाळेत पडतो ते लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकून बघा, रस्त्याच्या एका बाजूची घरं एका शाळेत आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या असं चालतं. सिग्नेचर अकॅडमी म्हणून ज्या (प्रोजेक्ट करून शिकवणाऱ्या) शाळा आहेत त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो हवा असेल तर तारखा पुण्यातूनच विचारून ठेवा.