चार वर्षांचं मूल, युरोपच्या बारा रात्री: तीन आराखड्यांची तुलना

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा येत्या मे महिन्यात चार वर्षांचा होईल. तिने पाठवलेल्या आराखड्यात बारा रात्री आणि पाच शहरं आहेत: पॅरिस, लुसर्न, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम. लेक साडेतीन वर्षांची असताना आम्ही नेमकी हीच सहल केली होती. ती साडेपाचची झाल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा म्युनिक, साल्झबुर्ग आणि व्हिएन्ना एवढंच घेतलं. बहिणीसाठी दोन्हींचा हिशोब मांडायला बसले आणि त्यातून आणखी एक आराखडा निघाला, पॅरिस आणि लुसर्न अशा दोनच मुक्कामांचा. तुमच्या घरीही सध्या हीच चर्चा चालू असेल, तर हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा.

आधी पूर्ण दिवस मोजा

बारा रात्री म्हणजे कॅलेंडरवर तेरा तारखा. त्यातली पहिली विमानातून उतरण्यात जाते आणि शेवटची परतण्यात. मधे जितक्या वेळा मुक्काम हलवाल, तितके दिवस आणखी वजा करा. मोठी माणसं त्या दिवशी संध्याकाळी थोडं फिरून घेतात. चार वर्षांचं मूल बॅगा, स्टेशन, गाडी आणि नवी खोली एवढ्यातच थकतं.

या हिशोबाने पाच शहरांच्या आराखड्यात चार वेळा मुक्काम हलतो आणि हातात सात पूर्ण दिवस उरतात: पॅरिसचे दोन, लुसर्नचे दोन, इटलीतल्या तिन्ही शहरांचा एकेक. पॅरिसला पाच आणि लुसर्नला सात रात्री ठेवल्या तर दहा दिवस मिळतात. म्युनिक चार, साल्झबुर्ग तीन, व्हिएन्ना पाच अशा वाटणीत नऊ मिळतात. शिवाय तिथले प्रवास इतके छोटे आहेत की मुक्काम हलवण्याच्या दिवसातलीही अर्धी दुपार वाचते. तिकिटाचा, व्हिसाचा खर्च तिन्हींत जवळपास तोच असताना हा सात आणि दहामधला फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

पाच शहरं: लुसर्न ते व्हेनिसचा तो दिवस

नकाशावर लुसर्न ते व्हेनिस फार लांब दिसत नाही. सकाळी आठला खोली सोडली. गोट्टहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून मिलानपर्यंत साधारण सव्वातीन तास. तो प्रवास उत्तम झाला, लेक खिडकीला नाक लावून बसली होती. मिलानला गाडी बदलली आणि पुढे व्हेनिसपर्यंत आणखी अडीच तास. तिथे स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोरच कालवा आहे. टॅक्सी नाही, रिक्षा नाही, वापोरेत्तो नावाची बोट पकडायची. बोटीतून उतरल्यावर आमच्या खोलीपर्यंत दोन पूल होते आणि दोन्हींना पायऱ्या. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांची रचना अशीच आहे. नवऱ्याच्या दोन्ही हातांत बॅगा, माझ्या एका हातात मिटलेली बाबागाडी आणि खांद्यावर झोपलेली लेक. दुसऱ्या पुलाच्या मधोमध तिला जाग आली आणि ती रडायला लागली. ती भुकेली होती आणि डबा बॅगेच्या तळाशी होता. त्या पुलावर आम्ही तिघं पंधरा मिनिटं तरी बसून होतो.

व्हेनिस सुंदर आहे, पण आम्हाला तिथे एकच दिवस मिळाला. फ्लोरेन्सलाही तेच झालं. रोममध्ये कलोसिअम पाहिलं, पण मेच्या अखेरच्या उन्हात फरसबंदीवरून बाबागाडी ढकलताना लेकीच्या अंगावर घामोळं आलं. घरी आल्यावर आजीने विचारलं, काय काय पाहिलंस? तर तिने गाडीतला बोगदा आणि पॅरिसमधल्या होड्या सांगितल्या.

मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की हाच आराखडा चांगला होईल. तेव्हा ते स्वतःची पाठपिशवी घेऊन चालेल आणि ग्लॅडिएटरची गोष्ट ऐकेल. चार वर्षांच्या मुलासोबत इटली हवीच असेल तर ती वेगळी करा: रोम आणि फ्लोरेन्स दोनच, दीड तासाचं अंतर, आणि तेही एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये.

दोनच मुक्काम: पॅरिस आणि लुसर्न

ज्यांना आयफेल टॉवर आणि बर्फाचे डोंगर दोन्ही हवेच आहेत, त्यांच्यासाठी हा आराखडा. मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे आणि झुरिकहूनही मुंबईला थेट परतता येतं. तिकीट काढताना मल्टी-सिटी पर्याय घ्या. पॅरिसला उतरायचं, झुरिकहून निघायचं, म्हणजे मागे फिरण्यात दिवस जात नाही. पॅरिस ते झुरिक वेगवान रेल्वेने सुमारे चार तास आणि तिथून लुसर्न पाऊण-एक तास.

पॅरिसमध्ये लहान मुलासाठी मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा म्हणजे लक्झेंबर्ग बाग. गोल तळ्यात शिडाच्या लाकडी होड्या भाड्याने मिळतात, सोबत एक लांब काठी देतात. होडी वाऱ्याने पलीकडे जाते, मूल धावत वळसा घालतं, काठीने तिला पुन्हा ढकलतं. लेकीने दीड तास हेच केलं आणि तेवढ्या वेळात आम्हाला आळीपाळीने निवांत कॉफी पिता आली. आयफेल टॉवरला चार वर्षांखाली तिकीट नाही. लिफ्टची तिकिटं साठ दिवस आधी खुली होतात, त्याच आठवड्यात काढून ठेवा. लूव्र मंगळवारी बंद असतं आणि १८ वर्षांखालच्यांना फुकट आहे. तरी चार वर्षांच्या मुलाला दीड तासापेक्षा जास्त वेळ आत ठेवू नका.

पॅरिसची अडचण मेट्रोची आहे. बऱ्याच जुन्या स्टेशनांना लिफ्ट नाही, बाबागाडी उचलून जिने चढावे लागतात. बसने फिरा, त्यात गाडी सरळ चढते आणि शहरही दिसतं.

लुसर्नला सात रात्री जास्त वाटतील, पण लहान मुलाला रमायला युरोपात याहून सोपी जागा मला सापडली नाही. बोटीने तासाभरात वित्सनाउ, तिथून दातेरी रुळांवरची गाडी अर्ध्या तासात १,७९८ मीटर उंचीच्या रिगीवर. ही रेल्वे १८७१ सालची, युरोपातली या प्रकारची पहिली. एका दिवसात बोट, डोंगरी रेल्वे आणि वरचं मोकळं कुरण, आणि हे सगळं स्विस ट्रॅव्हल पासमध्ये येतं. पावसाच्या दिवशी वाहतूक संग्रहालय आहे, त्यात खरी इंजिनं आणि विमानं आहेत. स्विस रेल्वेच्या काही दुमजली गाड्यांत वरच्या मजल्यावर मुलांसाठी खेळायचा डबा असतो, घसरगुंडीसकट. डब्यावर चित्रं असतात, फलाटावर तेवढी शोधून चढा.

युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या बर्फाळ ठिकाणाबद्दल बहिणीशी माझा वाद झाला. ते ३,४५४ मीटरवर आहे, लुसर्नहून जाऊन येण्यात अख्खा दिवस गाड्यांमध्ये जातो, आणि एवढ्या उंचीवर मूल कसं राहील ते वर पोचल्यावरच कळतं. मी तरी हा बेत वगळेन. बर्फ बघायचाच असेल तर टिटलिस लुसर्नहून जवळ आहे. तेही ३,००० मीटरच्या वर आहे, म्हणून आधी मुलाच्या डॉक्टरांशी बोला आणि वर थोडाच वेळ थांबा. मे महिन्यात काही रोपवे देखभालीसाठी बंद असतात, म्हणून तारखा बघून मगच पैसे भरा.

म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना

नातेवाइकांना ही नावं सांगितली की समोरून "बरं" एवढंच येतं. पण लहान मुलासोबत तिन्हींत सोपा आराखडा हाच. म्युनिक ते साल्झबुर्ग पावणेदोन तासांच्या आत, साल्झबुर्ग ते व्हिएन्ना अडीच तास. सहा वर्षांखालचं मूल जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड तिन्हीकडे रेल्वेत फुकट. साल्झबुर्गहून व्हिएन्नाला जाणाऱ्या रेलजेट या वेगवान गाडीत मुलांचा छोटा सिनेमा-कोपराही असतो. सीमा ओलांडणाऱ्या गाडीत पासपोर्ट तपासले जाऊ शकतात, म्हणून ते वरच्या खणातल्या बॅगेत नकोत, हाताशी असू द्या.

मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे, व्हिएन्नाला बहुतेक एकदा बदलावं लागतं. थेट विमान जाताना वापरा. रात्रभराच्या प्रवासानंतर पेंगुळलेल्या मुलाला घेऊन दुसरं विमान पकडण्यापेक्षा परतीला बदललेलं बरं. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन सीमेवर (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या सीमेवर) मोठ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्या रांगेलाही वेळ लागतो.

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये मुलांचा खास विभाग आहे. खऱ्या अग्निशमन गाडीवर चढता येतं आणि एका अवाढव्य गिटारच्या आत शिरून तारा छेडता येतात. साल्झबुर्गला किल्ल्यावर जाणारी छोटी रेल्वे आहे, पण लेकीने हट्टाने पुन्हा बघायला लावलं ते हेलब्रुन राजवाड्याचं आवार. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या आर्चबिशपने पाहुण्यांची गंमत करायला कारंजी लपवून ठेवली. दगडी टेबलाभोवतीच्या आसनांमधून अचानक पाणी उडतं. आम्ही कोरडे कपडे नेले नव्हते. तुम्ही न्या.

व्हिएन्नात शोनब्रुनचं प्राणिसंग्रहालय १७५२ सालचं आहे, जगातलं सर्वात जुनं, अजून चालू असलेलं. राजवाडा आणि हत्ती एकाच आवारात असल्याने आईबाबांचं आणि मुलाचं एका दिवसात भागतं. प्राटरमधला १८९७चा मोठा पाळणा बंद डब्यांचा आहे, सावकाश फिरतो, लहान मूल घाबरत नाही. आणि भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. पॅरिसनंतर ही गोष्ट पहिल्याच दिवशी जाणवली.

रविवारी ऑस्ट्रिया-जर्मनीत दुकानं बंद असतात. दूध-ब्रेड शनिवारी आणा, नाहीतर मोठ्या स्टेशनातलं दुकान गाठा.

खाणं, झोप, व्हिसा

आपल्या आणि त्यांच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक. पहिले दोन-तीन दिवस मूल पहाटे चारला उठतं आणि संध्याकाळी सहाला डोळे मिटतं. पॅरिसमध्ये बऱ्याच रेस्टॉरंटचं रात्रीचं स्वयंपाकघर सातनंतर सुरू होतं, म्हणून तिन्ही आराखड्यांत छोटं स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या. मेच्या अखेरीस तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, खोलीला जाड पडदे आहेत का ते फोटोत बघा.

दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे, तेव्हा तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवा. मेतकूट खुशाल न्या. ऑस्ट्रिया-जर्मनीत "मिल्शराईस" नावाने मिळणारा आखूड कोरडा तांदूळ शिजवला की आपल्या मऊ भातासारखा होतो. वर तिथलं बिनमिठाचं लोणी आणि मेतकूट. लेकीने व्हिएन्नात पाच रात्री हेच खाल्लं.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे करायचा: पहिल्या आराखड्यात इटली, दुसऱ्यात स्वित्झर्लंड, तिसऱ्यात ऑस्ट्रिया. मोठ्यांना ९० युरो, सहा वर्षांखाली फी नाही. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा प्रत्येकाला लागतो, मुलालाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सुट्टीसाठी भेटीच्या तारखा लवकर भरतात, दिवाळीतच कामाला लागा.

कोणी काय घ्यावं

आजी-आजोबा सोबत असतील, तर म्युनिक-साल्झबुर्ग-व्हिएन्ना, दुसरा विचार नको. आयुष्यात एकदाच जमणार आहे आणि आयफेल टॉवरखाली फोटो हवा, ही इच्छा खरी असेल तर पॅरिस-लुसर्नचा आराखडा. तो सर्वात महाग पडेल, कारण स्वित्झर्लंडमध्ये बाहेरचं एक साधं जेवणही खिशाला जाणवतं. पाच शहरं मी तरी मूल आठ वर्षांचं होईपर्यंत कोणाला सुचवणार नाही.

बहिणीने व्हेनिस सोडताना जरा वाईट वाटून घेतलं, पण गेल्या आठवड्यात तिने म्युनिकचं जाण्याचं आणि व्हिएन्नाहून परतीचं तिकीट काढलं. आता साल्झबुर्गची खोली शोधतेय. स्टेशनपासून दहा मिनिटं चालत आणि लिफ्ट असलेली, एवढ्याच दोन अटी मी तिला घालून दिल्या आहेत.