रेड लेडी पपईचं बी: महाग आहे, पण अंगणात लावायचं तर हेच घ्या

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो दुकानाचा, कारण सुटं बी द्यायला तयारच नाहीत, दोन झाडांसाठी अख्खं पाकीट गळ्यात मारतात.

खाल्लेल्या पपईचं बी फुकट असताना पैसे कशाला, असं घरी ऐकावं लागलंच. पण खरी भानगड नराची आहे. वॉशिंग्टन ही जात किंवा गावठी लावली की साधारण निम्मी झाडं नर निघतात, त्यांना फळ धरत नाही, आणि ते कळतं फुलं आल्यावर, म्हणजे महिनोन् महिने शेणखत पाणी सगळं करायचं आणि शेवटी लांब दांड्यावर लोंबणारी फुलं बघून झाड उपटायचं. शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून नंतर नर काढून टाकतो, त्याला परवडतं, आपल्याला अंगणात कुठे जागा? रेड लेडी ही तैवानची एफ वन हायब्रीड, म्हणजे संकराची पहिली पिढी, हिच्यात झाड एकतर मादी नाहीतर उभयलिंगी (एकाच फुलात नर-मादी दोन्ही), फळ दोन्हीला धरतं. उभयलिंगीचं लांबट, मादीचं आखूड आणि गोलसर. फक्त एकच झाड लावू नका, ते नेमकं मादी निघालं तर परागासाठी जवळ उभयलिंगी लागतं.

उगवण चांगली आहे, पण ऊब पाहिजे. थंडीत पेरलं तर नुसती वाट बघत बसाल, उन्हाळ्याच्या तोंडाला दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. ट्रेमध्ये नको, सरळ छोट्या पिशवीत एकेक बी टाका, पपईला मुळं दुखावलेली अजिबात चालत नाहीत. रोप वीतभर झालं की जमिनीत, आणि तेही उंचवट्यावर लावा. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचलं की खोड सडतं आणि उभं झाड आडवं होतं, त्यात बियाण्याचा काही दोष नाही.

व्हायरस येतच नाही असं दुकानदार छातीठोक सांगतो, त्यावर जाऊ नका. रिंगस्पॉट हा पपईचा व्हायरस ही जात बऱ्यापैकी सहन करते इतकंच, तो पसरवणारी बारीक कीड म्हणजे मावा, ती दिसली की निंबोळी अर्क मारावाच लागतो.

चव मस्त, गर लालसर केशरी आणि घट्ट, फोडी करताना लगदा होत नाही. आमच्याकडे कच्च्याची कोशिंबीरही झाली.

या फळातलं बी मात्र पुढच्या वर्षासाठी वाळवत ठेवू नका, हायब्रीड आहे, पुढची झाडं तशीच निघतील याचा भरवसा नाही. त्यापेक्षा सोसायटीत दोघं-तिघं मिळून एक पाकीट घ्या आणि बी वाटून घ्या, मग किंमतही टोचत नाही.