जिरामध्ये कामे शोधताना: बेसिक फिल्टर की जेक्यूएल?

जिरा हे टीमची कामे नोंदवून त्यांचा माग ठेवण्याचे सॉफ्टवेअर. त्याच्या बेसिक फिल्टरमध्ये प्रोजेक्ट, स्टेटस, असाइनी (काम ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती) असे रकाने निवडून खुणा करायच्या, की यादी लगेच आटते. एकाच रकान्यातल्या दोन खुणांपैकी कोणतीही जुळली तरी चालते. वेगवेगळ्या रकान्यांच्या अटी मात्र सगळ्या जुळाव्या लागतात. ‘माझ्याकडे असलेली किंवा मी नोंदवलेली कामे’ म्हणूनच इथे बसत नाहीत. रोजच्या नजरफेरीला हा प्रकार पुरतो.

जेक्यूएल ही जिराची शोधभाषा; तिच्यात अट लिहायची असते आणि चुकाही तिथेच होतात. ‘अँड’ हा ‘ऑर’च्या आधी लागू होतो. कंस न घालता ‘प्रोजेक्ट अमुक अँड प्रायॉरिटी हाय ऑर प्रायॉरिटी हायेस्ट’ असे लिहिले, तर हायेस्टची कामे सगळ्या प्रोजेक्टमधून येतात. दोन्ही प्रायॉरिटी कंसात घ्या.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही: ‘असाइनी अमुक नाही’ म्हटले की कोणालाच न दिलेली कामेही गळतात. त्यासाठी ‘किंवा असाइनी रिकामा’ ही अट वेगळी जोडावी लागते. मुदतीला फक्त ‘सात दिवसांपर्यंत’ अशी वरची मर्यादा दिली, तर मुदत उलटलेली जुनी कामेही आत शिरतात.

सुरुवात बेसिकमध्ये करून मग जेक्यूएलकडे वळणे सर्वांत सोपे; अटी आयत्या लिहून मिळतात. उलट प्रवास गुंतागुंतीच्या अटींना जमत नाही. फिल्टर सेव्ह केल्यावर तो कोणाला दिसतो तेही तपासा.