नवी मुंबईतील एक सामुदायिक रेडिओ केंद्र : ऐकण्याजोगे बरेच, वेळा मात्र चुकलेल्या

कोपरखैरणे आणि घणसोलीच्या परिसरात ऐकू येणाऱ्या, एका शिक्षणसंस्थेच्या आवारातून चालणाऱ्या सामुदायिक रेडिओ केंद्राचे सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंतचे संपूर्ण प्रसारण एका गुरुवारी ऐकले. अशी केंद्रे आपण एरवी जाता-येता, तुकड्यातुकड्यांनी ऐकतो आणि त्यावरून बरेवाईट मत बनवून मोकळे होतो. दिवसभर ऐकल्यावर माझे मत असे झाले की, या केंद्राजवळ अन्य कोणत्याही वाहिनीकडे नसलेले साहित्य आहे. परंतु ते ज्यांच्यासाठी तयार केले जाते, त्यांना सवड असते त्या वेळी ते लागत नाही.

परीक्षण करताना या केंद्रांच्या मर्यादा ध्यानात घ्यायला हव्यात. शिक्षणसंस्थांना अशी केंद्रे चालवण्याची वाट २००२ साली मोकळी झाली आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही ती मिळाली. प्रक्षेपणाची शक्ती साधारणपणे १०० वॉट आणि ऐकू येण्याचा टापू ५ ते १० किलोमीटरचा असतो. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी अट आहे. स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. मात्र हवामान, वाहतूक, पाणी, वीज यांसारख्या सूचना देता येतात. त्यामुळे व्यावसायिक एफएमचा झगमगाट येथे शोधणे अन्यायाचे ठरेल. एवढ्या लहान टापूतल्या माणसाला त्याच्या उपयोगाचे काय मिळते, हीच येथील खरी कसोटी आहे.

सकाळचा योगाभ्यास आणि सुविचार यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही; ते कोणत्याही केंद्रावर, कोणत्याही शहरात चालतील. साडेसातच्या सुमारास महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याची सूचना आली. मोरबे धरणाच्या जलवाहिनीचे काम असल्याने कोणत्या विभागात संध्याकाळी पाणी येणार नाही, हे निवेदिकेने दोनदा, सावकाश आणि विभागांची नावे घेऊन सांगितले. दिवसभरात वेळेवर आलेली हीच एक गोष्ट.

खाडीवरच्या मच्छीमारांसाठीचा कार्यक्रम साडेआठला लागतो. त्यात भरती-ओहोटीच्या वेळा, वाऱ्याचा अंदाज आणि एका जुन्या जाणत्या मच्छीमाराशी गप्पा असतात. या गृहस्थांनी अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, यांत जाळे कसे वेगळे लावावे लागते, चिंबोरी कोणत्या पाण्यात सापडते आणि निवटी हा चिखलातला मासा पूर्वीसारखा का मिळत नाही, हे आपल्या आगरी-कोळी बोलीत इतके नेमके सांगितले की, मुलाखत घेणाऱ्या विद्यार्थ्याने मध्ये बोलणे जवळजवळ सोडून दिले, आणि ते योग्यच केले. मात्र भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्या दिवशी पहाटेच्या पाण्याला होड्या बाहेर पडल्यावर मग सकाळी भरतीची वेळ सांगितली गेली. ही माहिती आदल्या रात्री द्यायला हवी.

हाच दोष अकरा वाजताच्या कार्यक्रमात आहे. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील माथाडी कामगारांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्याची माहिती, भविष्यनिर्वाह निधी, कामावरील दुखापत अशा विषयांवर एका वकिलांचे उत्तम विवेचन होते. भाजीपाल्याच्या गाळ्यांवर पहाटेपूर्वीपासून गोण्या वाहणारा माणूस अकरा वाजता एकतर गाडी रिकामी करीत असतो किंवा घरी जाऊन आडवा झालेला असतो. मग हे विवेचन ऐकले कोणी?

दिवसाचा सर्वोत्तम भाग दुपारी तीनला आला. आगरी लग्नात विधी करणारी धवलारीण आता गावोगावी सापडत नाही. केंद्राने एका वयस्क धवलारिणीला स्टुडिओत बसवून तिच्याकडून हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले, म्हणजे लग्नविधींची गीते, क्रमाने म्हणवून घेतले आहेत. मागे वाद्ये नाहीत, प्रतिध्वनीची सजावट नाही. दम लागला की बाई थांबतात, पाणी पितात आणि तेही ध्वनिमुद्रणात तसेच ठेवले आहे. प्रत्येक धवल्यानंतर त्यातील विधी कोण करते आणि कोणत्या सामानाने करते, हे त्या स्वतःच सांगतात. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन होण्यापूर्वी, म्हणजे खाडीलगतच्या या गावांत भातशेती आणि मिठागरे होती तेव्हा, वऱ्हाड कसे येई याचे वर्णनही ओघात येते आणि शेजारच्या सेक्टरमध्ये राहून आपल्याला ठाऊक नसलेले गाव समोर उभे राहते. निवेदिकेने प्रत्येक वेळी ‘किती सुंदर’ म्हणण्याचा मोह आवरला असता, तर या कार्यक्रमाला नाव ठेवायला जागाच उरली नसती.

सायंकाळी पावसाळी आजारांवर डॉक्टरांशी थेट संवाद झाला. प्रश्न दूरध्वनीवरून येत होते आणि डॉक्टर प्रत्येकाला ‘तपासून घ्या’ एवढेच न सांगता डेंग्यू आणि मलेरियाची लक्षणे फोड करून समजावत होते. आवाजाची पातळी मात्र वरखाली होत होती. फोन करणारा जेमतेम ऐकू येई आणि डॉक्टर बोलू लागले की रेडिओ लहान करावा लागे.

सातनंतर रात्री दहापर्यंत चित्रपटगीते आणि शुभेच्छा. हा जवळजवळ तीन तासांचा वेळ सर्वांत जास्त लोक घरी असण्याचा आहे आणि त्यात या केंद्राचे स्वतःचे असे काहीच नाही. जाहिरातदारांची गरज समजू शकते. परंतु रात्री नऊला दहा मिनिटे उद्याची भरती, आठवड्यातून एकदा माथाडी कामगारांचा कार्यक्रम आणि रविवारी रात्री धवल्यांचे पुनःप्रसारण, एवढे केले तरी गीतांना दोन तासांहून अधिक वेळ उरतो. कार्यक्रमपत्रिका संस्थेच्या सूचनाफलकावर लावलेली असते. ती गावांतील समाजमंदिरांत आणि मार्केटच्या प्रवेशद्वारांवरही लावावी.

ऐकू येण्याविषयी सांगायचे, तर वाशी, कोपरखैरणे, घणसोली येथे आवाज स्वच्छ येतो. ऐरोलीकडे थोडी खरखर आहे. पारसिकच्या डोंगरापलीकडे, शिळफाट्याच्या बाजूला केंद्र लागत नाही. मोबाइलवर ऐकायचे असल्यास एफएमची सोय असलेला फोन हवा आणि इअरफोनची वायर जोडावीच लागते, कारण तीच ॲंटेनाचे काम करते. ज्यांना एकच कार्यक्रम ऐकून केंद्र पारखायचे आहे, त्यांनी गुरुवारी दुपारी तीनची वेळ काढावी.